कळलावी : ओढ्याकाठची विषवेल आणि शास्त्रातील 'कडूपणाचे मूळ'

खेड्यापाड्यांत सेवा करणाऱ्या पाळकांना व धर्मशिक्षकांना आपल्या परिसरातील विषारी वनस्पतींची ओळख असणे दोन कारणांसाठी अगत्याचे आहे. पहिले कारण व्यवहाराचे. विषबाधा झालेल्या घरातून पहिली हाक पुष्कळदा त्यांनाच येते, आणि त्या वेळी गमावलेला एक तासही प्राणावर बेतू शकतो. दुसरे कारण अध्यापनाचे. पवित्र शास्त्रात विषारी मुळे, कडू वनस्पती व रानवेली यांचे उल्लेख अनेक ठिकाणी आहेत. शिकविणाऱ्याने तशी एखादी वनस्पती डोळ्यांनी पाहिलेली नसेल तर त्या उल्लेखांतील नेमका अर्थ निसटून जातो. प्रस्तुत लेखात कळलावी या एकाच वनस्पतीच्या आधारे या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

विवेचनासाठी सावरगावचा परिसर डोळ्यांपुढे ठेवला आहे. मध्य प्रदेशातील पांढुर्णा नगरासमोर, जाम नदीच्या दुसऱ्या काठावर सावरगाव वसले आहे. पांढुर्णा व सौंसर हे पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यातील तालुके होते. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाल्यापासून ते त्या नव्या जिल्ह्यात मोडतात. सातपुड्याच्या दक्षिण उताराचा हा मुलूख आहे. येथे संत्र्याच्या बागा आहेत, कापसाची शेते आहेत, आणि राज्य हिंदीभाषी असले तरी घरोघरी मराठी बोलली जाते. पावसाळ्यात अशा मुलखातील ओढ्यांच्या काठी, कुरणांच्या कडेला व शेताच्या कुंपणांत जी रानफुले दिसतात, त्यांत कळलावी सर्वांत लक्षवेधी होय.

१. वनस्पतीची ओळख

कळलावी ही बहुवर्षायू वेल आहे. तिचे शास्त्रीय नाव ग्लोरिओसा सुपर्बा असे असून भारत, श्रीलंका, आग्नेय आशिया व आफ्रिका या प्रदेशांत ती मूळचीच आहे. ओढ्याकाठी माजणाऱ्या बेशरमीप्रमाणे ती बाहेरून आलेली नाही. बेशरमही विषारीच आहे व ती सतत खाल्ल्याने शेळ्यांना रोग जडतो. परंतु तिचे मूळ घर दक्षिण व मध्य अमेरिका हे होय.

मृगाचा पाऊस पडल्यावर जमिनीतील कंदातून कळलावीचा कोवळा कोंब वर येतो. ही वेल आधाराला विळखा घालून चढत नाही, तर पानांच्या साहाय्याने चढते. प्रत्येक पानाचे टोक लांब होऊन सुतासारखे गुंडाळलेले असते आणि ते शेजारच्या काटक्यांना धरून ठेवते. ही खूण एकदा लक्षात ठेवली म्हणजे फूल नसतानाही वेल ओळखता येते. श्रावण-भाद्रपदात फुले येतात. फुलाला सहा पाकळ्या असतात. त्या वर व मागे वळलेल्या, कडांना नागमोडी आणि ज्योतीसारख्या दिसतात. आरंभी त्या हिरवट असतात, पुढे पिवळ्या, नारिंगी व शेवटी गडद लाल होतात. संस्कृतातील 'अग्निशिखा' हे नाव यावरूनच पडले. सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांप्रमाणे बाहेर पसरतात, तर परागवाहिनी बुडाशी काटकोनात वाकलेली असते. फुलानंतर लांबट बोंड येते. ते पिकून उकलले की आतील शेंदरी रंगाच्या गोल बिया दिसतात.

हिवाळ्याच्या तोंडाशी वेल वाळून जाते व जमिनीवर तिची काहीही खूण उरत नाही. कंद मात्र खाली जिवंत असतो. तो बहुधा दोन फाट्यांचा, नांगराच्या आकाराचा असतो. संस्कृतात नांगराला 'लांगल' म्हणतात, म्हणून या वनस्पतीला 'लांगली' असेही नाव आहे. दरवर्षी जुना कंद झिजून जातो आणि त्याच्या जागी नवा तयार होतो. वेल दिसत नाही म्हणून ती मेली, असे मानणे चुकीचे ठरते. पुढील शास्त्रविचाराच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

तमिळनाडूने या फुलाला राज्यपुष्पाचा मान दिला आहे व झिंबाब्वेचे ते राष्ट्रीय पुष्प आहे. सौंदर्य आणि विष ही येथे एकाच देठावर आढळतात.

२. नावामागील समजुती

मराठीत 'कळ' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक वेदना, विशेषतः प्रसूतीच्या वेळची, दुसरा भांडण. या वनस्पतीच्या नावाशी दोन्ही अर्थ जोडले गेले आहेत. प्रसूती लांबली असता तिच्या कंदाचा लेप बेंबीवर, तळहातांवर किंवा तळपायांवर लावण्याची प्रथा फार जुनी आहे. कळा लावणारी ती कळलावी. आयुर्वेदाच्या ग्रंथांतील 'गर्भपातिनी' हे तिचे नावही याच उपयोगाकडे बोट दाखविते. दुसऱ्या अर्थावरून अशी समजूत रूढ झाली की, ही वेल घरात किंवा अंगणात आणली तर कुटुंबात भांडणे लागतात. दोघांत वितुष्ट आणणाऱ्या बाईला 'कळलावी' म्हणण्याचा प्रघात सर्वांच्या परिचयाचा आहे. काही भागांत तिला खड्यानाग म्हणतात, तर काही ठिकाणी बचनागही म्हणतात. परंतु खरा बचनाग ही हिमालयातील निराळी वनस्पती असून तिचे विषही निराळे आहे. नावांच्या या सरमिसळीमुळे जडीबुटीच्या व्यवहारात धोका संभवतो.

भांडणाच्या समजुतीविषयी सावरगावच्या संदर्भात एक गोष्ट नमूद करण्यासारखी आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे कळलावी फुलण्याच्या दिवसांतच, पांढुर्णा व सावरगाव येथील लोकांमध्ये जाम नदीच्या पात्रात गोटमार होते. पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर निशाण लावतात आणि ते हस्तगत करण्यासाठी दोन्ही काठांवरून एकमेकांवर दगडांचा वर्षाव केला जातो. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावची मुलगी पळवून नेताना नदीपात्रात दोन्ही गावांची दगडफेक झाली, अशी आख्यायिका या प्रथेमागे सांगतात. दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात आणि आजवर कित्येकांचे प्राणही गेले आहेत. प्रशासनाने प्रथेचे स्वरूप बदलण्याचे अनेकदा प्रयत्न केले. तथापि दगड थांबले नाहीत. या वैराला कोणत्याही वेलीची गरज पडली नाही. ते एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे माणसांनीच पोहोचविले आहे. भांडणाचा दोष कुंपणातील वनस्पतीवर किंवा घरातील एखाद्या स्त्रीवर टाकणे सोपे असते, हे धर्मशिक्षकाने ओळखून असावे.

३. विष कसे कार्य करते

कळलावीचे सर्व भाग विषारी आहेत. त्यांतही कंद व बिया विशेष. त्यांतील मुख्य विषद्रव्य कोल्चिसीन हे होय. हे नाव युरोपातील ओलसर कुरणांत उगवणाऱ्या कोल्चिकम या कंदवर्गीय वनस्पतीवरून आले आहे. कळलावी व कोल्चिकम ही एकाच कुळातील भावंडे आहेत. कोल्चिकममधील विषद्रव्य फ्रान्समधील पेल्त्ये व काव्हान्तू या रसायनशास्त्रज्ञांनी १८२० साली प्रथम वेगळे केले.

शरीरातील पेशी विभागते तेव्हा तिच्यातील गुणसूत्रे सूक्ष्म तंतूंच्या साहाय्याने दोन बाजूंना ओढली जातात. कोल्चिसीन हे तंतू तयारच होऊ देत नाही, त्यामुळे विभाजन मध्येच थांबते. ज्या अवयवांत पेशींचे विभाजन वेगाने चालते त्यांवर आघात प्रथम होतो: आतड्याचे अस्तर, अस्थिमज्जा, केसांची मुळे. रोग्याची लक्षणेही याच क्रमाने दिसून येतात.

विष पोटात गेल्यावर बहुधा दोन ते बारा तासांनी तोंडात व घशात आग होणे, सतत उलट्या, पोटात तीव्र वेदना व पाण्यासारखे जुलाब सुरू होतात. पटकीचा भास व्हावा असे हे चित्र असते. त्यानंतरच्या काही दिवसांत रक्तदाब खाली जातो. मूत्रपिंडे, यकृत व हृदय यांचे कार्य बिघडते. पांढऱ्या पेशी घटल्यामुळे जंतुसंसर्ग होतो. जे वाचतात त्यांचे केस एक-दोन आठवड्यांनंतर गळू लागतात. १९६६ साली श्रीलंकेतील अशाच एका रोग्याची हकीकत ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. त्याच्या सर्वांगावरील केस गळून गेले होते. शरीराच्या वजनाच्या दर किलोस ०.८ मिलिग्रॅमपेक्षा अधिक कोल्चिसीन बहुधा प्राणघातक ठरते. संधिवाताच्या गाउट या प्रकारावर दिल्या जाणाऱ्या गोळीत ते सुमारे अर्धा मिलिग्रॅम असते. या प्रमाणावरून लहानशा कंदाचेही सामर्थ्य ध्यानात यावे. या विषावर रुग्णालयांत सहज मिळणारा उतारा नाही; रोग्याला सलाइन, रक्तदाबावरील औषधे व दक्षतेची शुश्रूषा यांनी तगवून धरावे लागते.

४. औषध आणि अपप्रयोग

जे द्रव्य मारते तेच योग्य मात्रेत तारते, याचे कळलावी हे ठळक उदाहरण आहे. गाउटवर कोल्चिसीन आजही दिले जाते. त्यासाठी तमिळनाडूतील शेतकरी कळलावीची रीतसर लागवड करून बिया विकतात. पेशीविभाजन थांबविण्याच्या याच गुणाचा उपयोग १९३७ पासून वनस्पतींची गुणसूत्रे दुप्पट करून नवी वाणे तयार करण्याकडे होऊ लागला. आयुर्वेदाने लांगलीची गणना रुई, निवडुंगी शेर, कण्हेर, गुंज, अफू व धोतरा यांच्याबरोबर सात उपविषांत केली असून, गोमूत्रात भिजवून शुद्ध केल्याखेरीज ती वापरू नये असा दंडक घालून दिला आहे. म्हणजे प्राचीन वैद्यांनाही तिचे भय होतेच.

प्रत्यक्षात गावात जे घडते ते निराळे असते. कंद रताळे किंवा रानकंद समजून खाल्ला जातो. प्रसूती लवकर व्हावी म्हणून बाहेरून लावण्याऐवजी तो पोटात दिला जातो. नको असलेला गर्भ गुपचूप पाडण्यासाठी तो उगाळून पाजला जातो. आणि कर्जाने, पिकाच्या नाशाने किंवा घरातील छळाने खचलेली माणसे आत्मघातासाठी त्याच्याकडे वळतात. शेवटच्या दोन प्रसंगी सर्व काही लपविले जाते. म्हणून तेथेच उशीर सर्वांत अधिक होतो.

५. गावातील सेवकाचे कर्तव्य

पुढील गोष्टी प्रत्येक धर्मशिक्षकाने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली : कंद खाल्ल्याचे कळताच, लक्षणे दिसण्याची वाट न पाहता, माणसाला शासकीय रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर दूरध्वनी केल्यास मध्य प्रदेशात व महाराष्ट्रातही रुग्णवाहिका मिळते. सुरुवातीचे काही तास रोगी ठीक वाटतो. हीच फसगत असते.

दुसरी : मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नये. ताक, तूप वा झाडपाल्याचा काढा देण्यात वेळ दवडू नये.

तिसरी : उरलेला कंद, पान किंवा फूल बरोबर न्यावे. डॉक्टरांना विष ओळखता आले तर उपचारांची दिशा ठरते. अन्यथा साधे जुलाब समजून रोग्याला लवकर घरी पाठविले जाण्याचा संभव असतो.

चौथी : पोलिसांच्या भयाने आत्मघाताचा प्रयत्न दडवू नये, असे कुटुंबाला समजावून सांगावे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक ताणाखाली होती असे गृहीत धरले जाते व तिला शिक्षा होत नाही.

पाचवी : गर्भवती स्त्रीने कंद घेतला असेल तर त्या घटकेला चौकशी वा उपदेश करू नये. तिचा प्राण वाचविणे हे पहिले काम. दोष लागेल या धास्तीने ज्या घरात पाळकाला बोलावले जात नाही, त्या घरापर्यंत मदतही उशिरा पोहोचते.

सहावी : मार्काच्या शुभवर्तमानाच्या शेवटी प्राणघातक पेयाविषयी जे अभिवचन आहे (१६:१८), त्याचा आधार घेऊन कोणी विष पिऊन विश्वासाची परीक्षा देऊ पाहील, तर त्याला प्रभूने स्वतः मोहाच्या प्रसंगी दिलेल्या उत्तराची आठवण द्यावी (मत्तय ४:७). देवाची परीक्षा पाहणे हा विश्वास नव्हे.

कळलावी धोकादायक आहे म्हणून दिसेल तेथे उपटून टाकावी, असा मात्र याचा अर्थ नाही. औषधासाठी बेसुमार खणल्यामुळे ती अनेक ठिकाणी विरळ झाली आहे. मुलांना ती ओळखावयास शिकविणे हाच उत्तम बंदोबस्त होय.

६. पवित्र शास्त्रातील विषारी वनस्पती

शास्त्रात कळलावीचा उल्लेख नाही, कारण ती पॅलेस्टाइनमध्ये उगवत नाही. तिचे भावंड कोल्चिकम तेथे पहिल्या पावसानंतर फुलते. गीतरत्नातील शारोनचे फूल (२:१) म्हणजे कोल्चिकमच असावे, असे मत गेझेनियससारख्या कोशकारांनी मांडले होते. ते सर्वमान्य झाले नाही. परंतु वधूच्या रूपाची उपमा आणि प्राणघातक कंद एकाच वनस्पतीत असू शकतात, हे कळलावी पाहिलेल्या वाचकाला नवल वाटणार नाही.

विषारी वनस्पतींसाठी जुन्या करारात दोन हिब्रू शब्द जोडीने येतात. 'रोश' म्हणजे विष. त्या शब्दाचा दुसरा अर्थ 'डोके' असा आहे. त्यावरून कोणी अफूचे बोंड सुचवितात, तर इंग्रजीतील जुन्या भाषांतराने होशेय १०:४ येथे हेमलॉक हा शब्द घातला. हेमलॉक म्हणजे युरोपातील ओलसर जागी वाढणारे, इ. स. पू. ३९९ मध्ये सॉक्रेटिसाला दिलेले विष. 'लाआना' हा दुसरा शब्द दवण्याच्या जातीच्या कडू झुडपाला लावतात. आमोस ६:१२ येथे हे दोन्ही शब्द न्यायाच्या विपर्यासासाठी योजले आहेत. मराठी भाषांतरकारांनी प्रकटीकरणातील ताऱ्याला (८:११) 'कडूदवणा' हे नाव दिले, ते अत्यंत समर्पक आहे; कारण आपला सुगंधी दवणा व पॅलेस्टाइनमधील ते कडू झुडूप वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच प्रजातिसमूहात मोडतात.

अशा निवडीसाठी भाषेबरोबर वनस्पतीही ठाऊक असाव्या लागतात. १८११ साली मराठी नवा करार छापून प्रसिद्ध करणारे श्रीरामपूरचे विल्यम केरी यांनीच रॉक्सबर्ग यांच्या वनस्पतिविषयक ग्रंथांचे संपादन केले होते. पुढे मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील येशूसंघीय धर्मगुरू सांतापाव (१९०३–१९७०) यांनी खंडाळ्याच्या वनस्पतींची नोंद केली व भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालकपद भूषविले. रानातील झाडे ओळखणे हे धर्मसेवेला परके काम नाही, हे यावरून दिसते.

२ राजे ४:३८–४१ मधील कथा तर थेट आपल्या विषयाची आहे. दुष्काळात एकाने रानवेलीची अनोळखी फळे आणून भांड्यात चिरली व खाताना मरणाची चव कळली. ती फळे बहुधा इंद्रावणाची असावीत. संदेष्ट्यांच्या शिष्यांनाही भुकेमुळे व अज्ञानामुळे विष शिजविण्याची पाळी आली. आपल्याकडे रताळे म्हणून कळलावी शिजते, तेव्हा तीच कथा पुन्हा घडते.

७. निदण आणि मूळ

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. उपदेशात दोन विषारी वनस्पतींचे दाखले वारंवार येतात व त्यांची गल्लत होते. मत्तय १३:२४–३० मधील निदण हे एकवर्षायू गवत आहे. ते गव्हाबरोबर उगवते, गव्हासारखेच दिसते, त्याची मुळे गव्हाच्या मुळांत गुंततात आणि हंगामाबरोबर त्याचे आयुष्य संपते. म्हणून धनी कापणीपर्यंत थांबावयास सांगतो. निवाडा माणसांनी घाईने करू नये, हा त्या दाखल्याचा रोख आहे.

अनुवाद २९:१८ येथील 'मूळ' निराळे आहे. मवाबात करार होत असताना मोशे सावध करितो की, ज्याचे मन परमेश्वरापासून फिरले आहे अशी व्यक्ती, कुटुंब किंवा वंश लोकांमध्ये असेल, तर ते विष व कडूपणा उत्पन्न करणारे मूळ ठरेल. लगेच पुढच्या वचनात त्या माणसाचे वर्णन आहे: तो शापाची वचने ऐकूनही मनातल्या मनात स्वतःला धन्य म्हणतो. म्हणजे जमिनीवर सर्व काही कुशल दिसते. कंद आत जिवंत असतो. कळलावीची वाळलेली वेल ज्याने पाहिली आहे त्याला हे दुसऱ्याने समजावून सांगावे लागत नाही.

इब्री लोकांस पत्राचा कर्ता १२:१५ मध्ये हेच वचन ग्रीक भाषांतरातून घेतो. त्या भाषांतराच्या काही प्रतींत 'पित्तात' अशा अर्थाचे शब्द आहेत, तर इब्रीत जवळजवळ त्याच अक्षरांचा 'उपद्रव देणे' अशा अर्थाचा शब्द आला आहे. अर्थ असा की, दडलेले मूळ वर येऊन पुष्कळांना बाधा करते. दोन गोष्टी येथे विशेष ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली, या इशाऱ्याच्या आधीचे वचन (१२:१४) सर्वांबरोबर शांतीने राहण्याची आज्ञा देते. तेव्हा येथील कडूपणाचा संबंध समेटाशी आहे. दुसरी, 'लक्ष ठेवा' या अर्थी जे ग्रीक क्रियापद वापरले आहे त्याच धातूपासून 'अध्यक्ष' किंवा 'बिशप' या अर्थाचा शब्द सिद्ध झाला आहे. परंतु येथे ते काम सबंध मंडळीवर सोपविलेले आहे.

यावरून सेवकांसाठी एक सावधगिरीची सूचना निघते. मंडळीत मतभेद करणाऱ्या माणसाला व्यासपीठावरून 'कडूपणाचे मूळ' म्हणण्याचा मोह होतो. गावाने एखाद्या बाईला 'कळलावी' म्हणावे तसेच ते होते. नाव ठेवले की शोध थांबतो. वास्तविक पत्राचा कर्ता कोणाला कृपेविना मागे पडू देऊ नका, असे आधी सांगतो व मग मुळाचा उल्लेख करितो. ज्या घरांत जुन्या वाटणीचा, विवाहाचा, निवडणुकीचा किंवा पंक्तीतील अपमानाचा राग दहा-वीस वर्षे मुरलेला आहे, तेथे उपासनेतील शांतता ही हिवाळ्यातील वेलीची शांतता असू शकते. अशा घरी भांडण पेटण्याआधी जाणे, दोन्ही बाजू बसून ऐकणे आणि समेट होईपर्यंत जात राहणे, हाच त्या वचनाचा व्यवहारातील अर्थ होय.

पांढुर्णा-सावरगावच्या मुलखात अथवा तशाच कोणत्याही गावी सेवा करणाऱ्यांनी येत्या पावसाळ्यात मुलांना बरोबर घेऊन ओढ्याकाठची कळलावी अवश्य दाखवावी. पानाचे गुंडाळलेले टोक दाखवावे, कंदाला हात लावू देऊ नये, आणि हे मूळ दरवर्षी पुन्हा का उगवते ते सांगावे. त्या एका भेटीतून मुलांना वेलीचा धोकाही कळेल आणि इब्री लोकांस पत्रातील ते वचनही समजेल.